जन्मगावाची रांग

औरंगपुऱ्यातल्या जुन्या गल्ल्यांत, सरस्वती भुवनपासून जिल्हा परिषदेपर्यंत, ज्या घरांतली मुले अमेरिकेत आहेत त्या घरांत महिन्यातून एकदा एक प्रश्न हमखास निघतो : ‘‘तारीख पुढे सरकली का?’’ नवख्या माणसाला वाटावे, जमिनीचा दावा चालू आहे. ही तारीख मात्र कोर्टाची नसते. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ नावाचे एक पत्रक काढते. त्यात एक तक्ता असतो. आडव्या ओळींत नोकरीचे वर्ग, उभ्या रकान्यांत देश. भारत, चीन, मेक्सिको, फिलिपिन्स यांना स्वतंत्र रकाने, बाकी सारे जग एका रकान्यात. प्रत्येक चौकोनात एक तारीख, किंवा ‘सी’ हे अक्षर, म्हणजे रांग नाही, किंवा ‘यू’, म्हणजे या महिन्यात व्हिसाच नाही.

नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड मागणाऱ्या माणसाच्या कागदांवरही एक तारीख असते. त्याच्या कंपनीने त्याच्यासाठी पहिला अर्ज सरकारकडे दाखल केला, तो दिवस. हीच त्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर. बुलेटिनमधली कटऑफ तारीख त्याच्या पुढे गेली की त्याचा नंबर लागला. एप्रिल २०२५च्या बुलेटिनात ईबी-२ या वर्गात, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण लागणाऱ्या नोकऱ्यांच्या वर्गात, भारताच्या चौकोनात १ जानेवारी २०१३ ही तारीख होती. बारा वर्षांपूर्वी रांगेत लागलेल्यांचा नंबर आता लागत होता. त्याच ओळीत ‘बाकी सारे जग’ या चौकोनातली तारीख २०२३च्या मध्यावर होती.

हे ऐकल्यावर आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक, गर्दी फार झाली. दुसरे, गोऱ्यांना आपण नको आहोत. दोन्हींत तथ्य आहे, पण गेली काही वर्षे हे कायदे आणि जुनी बुलेटिने एकेक काढून वहीत उतरवताना मला तिसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटू लागली. ही रांग उभी राहिली ती भेदभाव मोडण्यासाठी केलेल्या नियमातून. माणूस वंशावरून मोजायचा नाही, जन्मस्थळावरून मोजायचा आणि सर्व देशांना सारखे द्यायचे, असा तो नियम होता. त्याचा प्रवास थोडा मागून पाहावा लागतो.

१८८३च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा आजच्या अर्थाचा व्हिसा अस्तित्वात नव्हता. चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा आदल्याच वर्षी झाला होता, पण हिंदुस्थानातून जाणाऱ्याला अडवणारी यादी नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला शिकले, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीत शिरले. त्यांना अडचणी पुष्कळ आल्या, पण रांगेत उभे राहावे लागले नाही. १९१७ साली ‘प्रतिबंधित आशियाई पट्टा’ आखला गेला आणि हिंदुस्थान त्यात पडला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः १९१४ सालीच अमेरिकी नागरिक झालेले होते. आता सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा दावा लावला. पंडित लढले. एकदा न्यायालयाने दिलेला निकाल असा उकरता येणार नाही, या मुद्द्यावर १९२६ साली अपील न्यायालयात ते जिंकले आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची मागणी ऐकण्यास नकार दिला. ज्या अशिलासाठी ते झगडले तो हरला आणि वकील वाचला. या माणसावर मराठीत कुणी चांगले पुस्तक लिहायला हवे.

१९४६ मध्ये दार किलकिले झाले. त्या वर्षीच्या २ जुलैला सही झालेल्या कायद्याने हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जागांचा कोटा मिळाला. शंभर! आजच्या हिशेबाने एका विमानाच्या निम्म्याहून कमी. पण आकड्यापेक्षा मोजण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. १९५२च्या कायद्याने तीच पुढे चालवली. आशियाई वंशाच्या माणसाला तो कुठे जन्मला हे विचारले जात नसे, तो कुणाचा हे विचारले जाई. लंडनमध्ये जन्मलेला इंग्रज ब्रिटनच्या भल्यामोठ्या कोट्यात मोजला जाई, त्याच इस्पितळात जन्मलेले हिंदुस्थानी आईबापांचे मूल मात्र हिंदुस्थानच्या शंभरात. आजोळ-घराणे पाहून रांग ठरत असे.

हा अन्याय मोडायचा म्हणून १९६५चा कायदा आला. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. पूर्व गोलार्धासाठी वर्षाला १,७०,००० व्हिसा आणि कोणत्याही एका देशाला जास्तीत जास्त २०,०००. वंश पुसला गेला, जन्मस्थळ आले. ब्रिटनला वीस हजार, भारतालाही वीस हजार. नागरी हक्कांच्या चळवळीचा तो काळ, आणि त्या भाषेत याहून न्याय्य काय असणार? शिवाय कायदा करणाऱ्यांना आशियाची भीती नव्हती. आदल्या वर्षी रॉबर्ट केनेडी यांनी काँग्रेसच्या समितीपुढे अंदाज दिला होता की आशिया-पॅसिफिक भागातून सुरुवातीला पाचेक हजार माणसे येतील आणि मग तो ओघ जवळजवळ थांबेल. केनेडी खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. त्यांना आपल्याकडची महाविद्यालये माहीत नव्हती, एवढेच.

आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ साली निघाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये. अमेरिकेचा नवा कायदा १ जुलै १९६८ पासून पूर्णपणे लागू झाला. देशभरच्या अशा संस्थांतून तरुण डॉक्टर आणि इंजिनियर बाहेर पडत असतानाच हे दार उघडले. कायद्यात शिकलेल्या माणसांसाठी स्वतंत्र वर्ग होता आणि त्या पिढीतल्या पुष्कळांना ग्रीन कार्ड हातात घेऊनच विमानात बसता आले. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९चे, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चे. ही मंडळे उभी करणारी माणसे बहुधा त्याच दारातून गेलेली.

पुढची कडी महाराष्ट्रातच घडली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यावर बरी-वाईट चर्चा खूप झाली आहे, तिच्यात जात नाही. इथे संबंध एवढाच, की दहा वर्षांत इंजिनियरांची संख्या काही पटींनी वाढली आणि नेमक्या त्याच वेळी अमेरिकेने आपला कायदा पुन्हा लिहिला.

२९ नोव्हेंबर १९९०चा हा कायदा आजच्या रांगेचा पाया. नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डे आणि एका देशाला त्यांतली जास्तीत जास्त सात टक्के. ईबी-२ वर्गाच्या वाट्याला सुमारे ४०,००० येतात. त्याचे सात टक्के म्हणजे साधारण २,८००. यात बायको-मुलेही मोजली जातात. तेव्हा खरे तर हजार-दीड हजार कुटुंबांत हा वाटा संपतो. एकशे चाळीस कोटींच्या भारतालाही तीच मर्यादा आणि चार लाखांच्या आइसलँडलाही तीच. याच कायद्याने एच-१बी हा तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा आजच्या रूपात आणला, सुरुवातीला वर्षाला ६५,०००. आणि इथे खरी मेख आहे : एच-१बीला देशवार मर्यादा ठेवलीच नाही.

आपल्या शहरातल्या वाचकाला हे टँकरच्या भाषेत लगेच कळेल. समजा, प्रत्येक गल्लीला रोज एकच टँकर, मग गल्लीत दहा घरे असोत की पाचशे. नियम वरवर समान आहे. पण घर बांधायची परवानगी देताना मात्र गल्लीचा विचारच करायचा नाही, जो येईल त्याला द्यायची. मग एखाद्या गल्लीत हंड्यांची रांग कोपऱ्यापर्यंत जाईल, यात नवल काय? भारतीय इंजिनियर एच-१बीच्या दारातून मोठ्या संख्येने आत गेले आणि कायम राहण्याच्या दारापाशी सात टक्क्यांच्या फटीत अडकले.

काँग्रेसला हे कळत नव्हते असे नाही. ऑक्टोबर २०००च्या कायद्याने दोन डागडुज्या केल्या. इतर देशांनी न वापरलेला वाटा रांगेत सर्वांत जुना असलेल्याला मिळावा, म्हणजे दुसऱ्या गल्लीत उरलेले पाणी ज्याचा हंडा सर्वांत आधी लागला त्याला. आणि एच-१बीची सहा वर्षांची मुदत संपली तरी, ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला असेल तर मुदत वाढवत राहता यावी. दुसरी सवलत माणुसकीची होती, तिच्यामुळे हजारो कुटुंबांना परत फिरावे लागले नाही. पण माझे मत असे की रांग कायमची झाली ती इथेच. वाट पाहणे सोसण्याजोगे केले की ते संपवण्याची घाई कुणालाच उरत नाही. जुने शिल्लक व्हिसा काढून दिल्यामुळे चारेक वर्षे तक्त्यात सगळीकडे ‘सी’ दिसत राहिले. २००५च्या ऑक्टोबरमध्ये भारताच्या ईबी-२ चौकोनात १ नोव्हेंबर १९९९ ही तारीख उगवली.

तारखा सरळ पुढे जात नाहीत, हे बाहेरच्या माणसाला पटवणे सर्वांत अवघड. परराष्ट्र खात्यातला अधिकारी दर महिन्याला अंदाज बांधतो की कोणत्या तारखेपर्यंतची माणसे बोलावली तर वर्षाचा कोटा संपेल, पण ओलांडणार नाही. चार्ल्स ऑपेनहाइम यांनी हे काम २०२१ अखेरपर्यंत वीसहून अधिक वर्षे केले. कमी माणसे बोलावली तर ३० सप्टेंबरला उरलेले व्हिसा वाया जातात, जास्त बोलावली तर तारीख मागे घ्यावी लागते. २०१२च्या एप्रिलमध्ये ईबी-२ भारताची तारीख १ मे २०१० होती. मे महिन्यात ती १५ ऑगस्ट २००७ वर आली. जूनमध्ये ‘यू’. ऑक्टोबरमध्ये, नवे वर्ष सुरू होताना, १ सप्टेंबर २००४. सहा महिन्यांत कॅलेंडर साडेपाच वर्षे मागे गेले. २०२२च्या सप्टेंबरमध्ये तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोचली होती, कारण करोनाकाळात न वापरलेले कौटुंबिक व्हिसा कायद्यानुसार नोकरीच्या कोट्यात आले होते. ऑक्टोबरमध्ये ती १ एप्रिल २०१२ वर घसरली. मधल्या अडीच वर्षांतल्या ज्या माणसांच्या हाती कार्ड पडले नव्हते, ती पुन्हा बाहेर.

सर्वांत मोठे नाट्य २००७च्या जुलैचे. जूनच्या मध्यावर निघालेल्या बुलेटिनात नोकरीचे जवळजवळ सगळे वर्ग ‘सी’ झाले. म्हणजे जुलैमध्ये कुणीही अंतिम अर्ज भरावा. या अर्जाचे महत्त्व असे, की कार्ड पुढे केव्हाही येवो, अर्ज दाखल झाला की बायकोला नोकरीचा परवाना मिळतो आणि काही महिन्यांनी स्वतःला कंपनी बदलता येते. लोकांनी रजा काढल्या, डॉक्टरांकडे तपासण्यांसाठी गर्दी केली, भारतातून जन्मदाखले मागवले. आणि २ जुलैला, अर्ज घेण्याच्या पहिल्याच दिवशी, सुधारित सूचना आली की व्हिसा संपले, अर्ज परत पाठवू.

यावर भारतीयांनी जे केले त्याची पाळेमुळे मुंबईच्या पडद्यावर होती. ‘लगे रहो मुन्नाभाई’ आदल्या वर्षीच आला होता आणि गांधीगिरी हा शब्द तोंडी होता. १० जुलैला शेकडो पुष्पगुच्छ इमिग्रेशन खात्याचे प्रमुख एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कार्यालयात पाठवले गेले. गोन्झालेझ यांनी ती फुले वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात आणि बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात जखमी सैनिकांकडे वळवली. कोर्टात जाण्याची तयारीही चालू होतीच. १७ जुलैला सरकारने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. फुलांमुळे की वकिलांमुळे, हा वाद आजही रंगतो. मला वकिलांचे पारडे जड वाटते, पण फुलांमुळे वर्तमानपत्रांत मथळे आले हेही खरे. त्या एका महिन्याने भारतीयांत दोन जाती पाडल्या : ‘जुलै २००७वाले’, ज्यांच्या हाती निदान परवाने आले, आणि त्यांच्यानंतर रांगेत लागलेले, ज्यांना तेही नव्हते. दुसऱ्या गटातल्या कित्येक बायका इंजिनियर असूनही घरी बसल्या. एच-४ व्हिसावरच्या अशा काही पत्नींना नोकरीची मुभा मिळाली ती २६ मे २०१५ पासून.

आता पुन्हा जन्मस्थळाकडे. नागरिकत्व कोणते हे या रांगेला विचारायचे नसते. कॅनडाचा पासपोर्ट घेतलेला लातूरचा माणूस भारताच्याच रांगेत उभा राहतो. आणि इथे आपली एक जुनी रीत आडवी येते. पहिले बाळंतपण माहेरी! समजा, दोन सख्ख्या बहिणी मस्कतला दिल्या. थोरली सातव्या महिन्यात विमानाने औरंगाबादला आली, आईने डिंकाचे लाडू केले, मूल घाटीत जन्मले. धाकटीला नवऱ्याची रजा जमली नाही, तिचे मूल मस्कतच्या दवाखान्यात झाले. दोघेही मावसभाऊ भारतीय पासपोर्टवर वाढले, एकाच महाविद्यालयात शिकले, एकाच साली अमेरिकेत गेले. धाकटीचा मुलगा ओमानच्या खात्यात, म्हणजे ‘बाकी सारे जग’ या रकान्यात. थोरलीचा भारताच्या. आईबापांच्या जन्मस्थळाचा आधार घेण्याची एक पळवाट कायद्यात आहे, पण आईबापही भारतातच जन्मलेले, त्यामुळे तिचा उपयोग नाही. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर मात्र तिच्या देशाची रांग धरता येते. स्थळ पाहताना मुलीचा जन्म कुवेतचा आहे याला एवढी किंमत येईल, हे आपल्या आजीला स्वप्नातही सुचले नसते. फाळणीचाही धागा यात आहे. देश आजच्या सीमांप्रमाणे धरतात, म्हणून फाळणीपूर्वी कराचीत जन्मलेला मराठी माणूस पाकिस्तानच्या खात्यात मोजला जातो.

ज्याच्या जन्मस्थळावर एवढे अवलंबून, त्याच्या जन्माचा कागद आपल्याकडे कसा असतो ते सर्वांना ठाऊक आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या माणसाकडे शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, आणि तारीख बहुधा १ जून, कारण मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांना तीच दिली. त्यानंतरच्यांची नोंद नगरपालिकेत असते, पण पुष्कळदा बाळाचे नावच नसते, कारण नोंद बारशाआधी झाली. नुसते ‘मुलगा’ आणि बापाचे नाव. आईचे नाव कधी माहेरचे, कधी सासरचे. अमेरिकी खात्याला हे चालत नाही. मग इकडे वडील महापालिकेत नाव घालायला खेटे घालतात, नोंद सापडत नाही असा दाखला मिळवतात, जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे करून पाठवतात. २००७च्या त्या महिन्यात भारतभर हेच चालले होते. आता त्यात शहराच्या नावाची भर पडली. जुन्या पासपोर्टवर औरंगाबाद, २०२३ नंतरच्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर. शिवाय बिहारमध्येही एक औरंगाबाद आहेच. रांगेला मात्र गावाशी देणेघेणे नाही, तिला देश तेवढा लागतो.

हे बदलायचे प्रयत्न झाले. देशवार मर्यादा काढून टाकणारे विधेयक २०११च्या नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधिगृहात ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडकले. २०१९च्या जुलैमध्ये तसेच विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटनेही एकमताने आपला मसुदा मंजूर केला, पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसण्याआधी सभागृहाची मुदत संपली. विरोधकांचा मुद्दा अगदी पोकळ नाही. एकूण आकडा १,४०,०००च राहिला आणि मर्यादा काढली, तर काही वर्षे बहुतेक कार्डे भारतीयांनाच जातील आणि नायजेरियाची नर्स किंवा ब्राझीलचा शास्त्रज्ञ रांगेत उभा राहील. आपल्या लोकांच्या लेखनात ही बाजू फारशी येत नाही. पण उपाय मर्यादेत नसून एकूण आकड्यात आहे, हे दोन्ही बाजूंना माहीत असूनही १९९०चा आकडा पस्तीस वर्षांत बदललेला नाही.

अमेरिकी काँग्रेसच्या संशोधन विभागाने २०२० मध्ये हिशेब केला, की ईबी-२च्या रांगेत नव्याने लागणाऱ्या भारतीयाला तेव्हाच्या गतीने १९५ वर्षे थांबावे लागेल. आकडा हास्यास्पद वाटतो, पण रांगेतल्यांची संख्या भागिले वर्षाची कार्डे एवढाच तो भागाकार आहे.

माणसाचे आयुष्य मात्र दुसऱ्या मोजमापाने चालते. अडीच वर्षांचा असताना आईबापांबरोबर गेलेला मुलगा एकविसाव्या वाढदिवशी ‘मूल’ राहत नाही आणि बापाच्या अर्जातून त्याचे नाव गळते. २००२च्या एका कायद्याने वय मोजताना थोडी सूट दिली. ती कोणत्या तक्त्यातल्या तारखेवरून धरायची हे २०२३च्या फेब्रुवारीत मुलांच्या बाजूने बदलले आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा जुन्यावर आले. अशा मुलाला विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, मग एच-१बी, आणि मग कंपनी त्याच्यासाठी अर्ज करते त्या दिवसाची नवी तारीख घेऊन तो भारताच्या रांगेच्या शेवटी लागतो. तिथेच जन्मलेली त्याची धाकटी बहीण अमेरिकी नागरिक असते. ती एकवीस वर्षांची झाली की आईबापांसाठी अर्ज करू शकते आणि त्या वर्गाला कोटा नाही, रांग नाही. २०१३च्या सुमारास रांगेत लागलेल्या काही घरांत आता दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले जातात : आधी बापाची तारीख येते, की धाकटीची एकविशी. औरंगपुऱ्यातल्या आजी-आजोबांची गोष्ट याहून लांबची. ग्रीन कार्डानंतर पाच वर्षांनी मुलगा नागरिक झाला तरच तो आईबापांना कायमचे बोलावू शकतो. तोवर त्यांच्यासाठी पाहुण्यांचा व्हिसा आहे, एका खेपेला साधारण सहा महिन्यांचा.